आपले रक्त किती जुने?

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीच्या उत्पत्तीवर एक तरी लेख असावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. असे लेख मी गेली चाळीस वर्षे आवडीने वाचीत आलो आहे. केवळ आपल्याच नव्हे, तर मित्रांकडून मिळालेल्या इतर ज्ञातींच्या स्मरणिकांतीलही. त्यांत कोठे मूळ पुरुष एखादा ऋषी असतो, कोठे एखादे कुळ परशुरामाच्या भयाने वेश पालटून डोंगरात आश्रय घेते, तर कोठे चार भाऊ उत्तरेकडून नर्मदा ओलांडून येतात. या कथांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पूर्वजांविषयी आदर व्यक्त करण्याची ती एक रीत आहे. परंतु या सर्व कथांच्या मुळाशी एक गृहीत असते, ते असे की, मूळ पुरुषापासून जे रक्त निघाले तेच पिढ्यानुपिढ्या जसेच्या तसे वाहत आपल्यापर्यंत आले. प्रस्तुत लेखात या एका गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. निवृत्तीनंतर मिळालेल्या सवडीत जे वाचले, समजून घेतले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

प्रथम थोडे अंकगणित. प्रत्येक मनुष्यास आई-बाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. दहा पिढ्या मागे गेल्यास ही संख्या १,०२४ होते, वीस पिढ्या मागे १०,४८,५७६ आणि तीस पिढ्या मागे एकशे सात कोटींच्याही वर जाते. एका पिढीस पंचवीस वर्षे धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे. म्हणजे देवगिरीस रामदेवराव यादव राज्य करीत होता तो काळ. त्या वेळी साऱ्या पृथ्वीवर पन्नास कोटी माणसेही नव्हती, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मग एकट्या आपल्यालाच एवढे पूर्वज आले कोठून? याचे उत्तर उघड आहे. वंशवृक्षात तेच तेच पूर्वज अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. शाळेत हे उदाहरण मी फळ्यावर मांडीत असे, तेव्हा शेवटच्या बाकावरील मुलेसुद्धा मान वर करून पाहत.

याच अंकगणितातून आणखी एक गोष्ट निघते. आपण गोत्र सांगतो, कुळी सांगतो, ती बापाच्या बापाच्या बापाची. दहाव्या पिढीतील १,०२४ स्थानांपैकी गोत्राचा धागा केवळ एका स्थानाला जाऊन भिडतो. उरलेल्या १,०२३ पूर्वजांची वंशावळीत दखल नाही आणि त्यांतील निम्म्या तर स्त्रियाच. शिवाय इतक्या मागे गेल्यावर कित्येक पूर्वजांचा एक कणही आपल्या शरीरात उतरलेला नसतो. वंशावळीत नाव आहे म्हणून रक्तातही अंश असेल, असे नाही.

हे कसे घडते हे समजण्यास मेंडेल या धर्मोपदेशकाकडे जावे लागते. ब्रुन येथील मठाच्या बागेत त्याने वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग केले आणि ते १८६६ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९०० साली, जगाला त्यांचे महत्त्व उमगले. मेंडेलने दाखविले ते थोडक्यात असे : आई-बापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत. ते सुट्या दाण्यांप्रमाणे असतात. प्रत्येक गुणाचे दोन दाणे आपल्याजवळ असतात, एक आईकडील व एक बापाकडील; आणि अपत्यास आपण त्यांतील एकच देतो, तोही चिठ्ठी टाकावी तसा. या दाण्यांनाच आज जनुक म्हणतात. काही जनुक एकटे असताना आपले अस्तित्व दाखवीत नाहीत. दोन्ही बाजूंनी तेच आले म्हणजे मात्र प्रकट होतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे आहे.

यानंतर विद्वानांत असा वाद निघाला की, प्रबळ गुण हळूहळू साऱ्या समाजात पसरेल व दुर्बळ नाहीसा होईल. या प्रश्नाचे उत्तर केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी १९०८ साली दिले. आपल्या रामानुजनांची पारख करणारे हार्डी ते हेच. जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या वैद्यानेही त्याच वर्षी तेच गणित मांडले. समाज फार मोठा असेल, कोणी आत येत नसेल व बाहेर जात नसेल, नवे जनुक उपजत नसतील, सर्वांची संतती सारखीच जगत असेल आणि विवाह निवड न करता होत असतील, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या आहे तेच राहील. परंतु अशा अटी पाळणारा समाज पृथ्वीच्या पाठीवर नाही. म्हणून बदल होतोच. तो किती वेगाने व कोणत्या दिशेने, एवढाच प्रश्न उरतो.

नवे जनुक उपजणे ही तर नित्याची गोष्ट आहे. प्रत्येक बालक आई-बापांत नसलेले साठ-सत्तर बारीक बदल घेऊन जन्मास येते. त्यांतील बहुतेकांचा काही परिणाम होत नाही. खरी गंमत पुढच्या कारणात आहे. ते म्हणजे निव्वळ योगायोग. टोपलीत मूग व मटकी निम्मे-निम्मे मिसळून डोळे मिटून दहा दाणे काढावेत. दर वेळी बरोबर पाच-पाचच येतील असे नाही. सहा-चार येतील, सात-तीन येतील. आता जे प्रमाण आले त्या प्रमाणात नवी टोपली भरावी आणि पुन्हा दहा दाणे काढावेत. असे काही वेळा केले की, टोपलीत एक तर मूगच राहतील, नाही तर मटकीच. कोणी निवड केली नाही, कोणी कोणावर मात केली नाही, तरी एक जात नाहीशी झाली. दहाऐवजी दहा हजार दाणे काढले तर प्रमाण फारसे हलत नाही. तात्पर्य, गट जेवढा लहान तेवढी योगायोगाची सत्ता मोठी.

पॅसिफिक महासागरात पिंगेलॅप नावाचे एक चिमुकले बेट आहे. सुमारे १७७५ साली तेथे मोठे वादळ झाले आणि वादळ व त्यामागून आलेली उपासमार यांतून वीसएक माणसे उरली. त्यांच्यापैकी एकात, बहुधा त्यांच्या राजातच, डोळ्यांचा एक दोष झाकलेला होता. आज त्या बेटावरील लोकांपैकी शंभरात पाच ते दहा माणसांना कोणताच रंग ओळखता येत नाही व उन्हात डोळे उघडणे कठीण जाते. इतरत्र हा विकार हजारो माणसांत एखाद्यास होतो. वादळाने या जनुकाला निवडले नव्हते. तो दोष ज्याच्या अंगी होता तो वाचला, एवढेच.

याउलट नैसर्गिक निवडीत हेतू नसला तरी कारण असते. सिकलसेल नावाचा रक्तविकार आपल्याकडे विदर्भात व सातपुड्याच्या पट्ट्यात पुष्कळ आढळतो. तेथील काही समाजांत शंभरात दहाहून अधिक लोक त्याचे वाहक आहेत. वाहक म्हणजे ज्याच्याजवळ दोनपैकी एकच जनुक सदोष आहे असा मनुष्य. तो बहुधा धडधाकट असतो. दोन्ही जनुक सदोष असलेल्या बालकास मात्र असह्य वेदना व पांडुरोग जन्मभर सोसावे लागतात. इतका घातक जनुक टिकला कसा? याचे उत्तर हिवतापात आहे. अशाच थॅलेसेमिया या विकाराविषयी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली तर्क केला होता की, वाहकास हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. सिकलसेलच्या बाबतीत ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहणी करून १९५४ साली ते दाखवून दिले. ज्या प्रदेशात हिवतापाने मुले दगावत, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि त्यांनी तो जनुक पुढे नेला. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, १९६१ साली येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. औषधांनी व फवारणीने हिवताप मागे हटविला, तरी जनुक मात्र तसाच राहतो, कारण तो नाहीसा होण्यास अनेक पिढ्या लागतात.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत वि. रा. खानोलकर व एल. डी. संघवी यांनी १९४९ साली शहरातील सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारी राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या गटांतही रक्तगटांसारख्या लक्षणांचे प्रमाण निरनिराळे असते, हे त्यातून दिसले. पुढे इरावतीबाई कर्वे व कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना करून १९६८ साली निबंध लिहिला. एका नावाखाली मोडणाऱ्या, समाजात एकाच पायरीवर असलेल्या पोटजाती एका मूळ कुळातून फुटलेल्या फांद्या असाव्यात, अशी सर्वसाधारण समजूत. बाईंचे म्हणणे उलट होते. निरनिराळ्या मुळांचे गट एका धंद्यामुळे वा एका दर्जामुळे एका नावाखाली गोळा झाले, परंतु बेटीव्यवहार आपापल्या गटातच करीत राहिले, असे त्या मानीत; आणि मोजमापांतूनही त्या गटांतील भिन्नताच दिसून आली. स्मरणिकांतील ‘चार भाऊ नर्मदा ओलांडून आले’ या कथेस हा चांगलाच धक्का होय.

इरावतीबाईंच्या काळी पट्टी, कंपास व रक्तगट एवढीच साधने हाती होती. आज जनुकांची अक्षरे वाचता येतात. हैदराबाद येथील पेशीविज्ञान संस्थेतील लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक, प्रिया मूरजानी प्रभृतींनी ७३ समाजांची तपासणी करून २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती सोपी आहे. लाल पत्त्यांचा गठ्ठा व काळ्या पत्त्यांचा गठ्ठा एकत्र करून पिसावयास घेतला तर प्रथम लाल-काळ्यांचे लांब लांब पट्टे दिसतात. जितके अधिक पिसावे तितके ते तुटून आखूड होतात. दोन भिन्न जनसमूह मिसळले असता प्रत्येक पिढीस असेच पिसणे होते. तेव्हा आजच्या माणसात ते तुकडे किती आखूड आहेत यावरून मिसळण्याचा काळ काढता येतो. तो निघाला आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा. या अवधीत या देशात दूरदूरच्या लोकांचे विवाहसंबंध मोठ्या प्रमाणावर होत होते. इतके की, भिल्लांसारख्या डोंगरात राहणाऱ्या समाजांतही ते मिश्रण आहे आणि उच्च म्हणविणाऱ्यांतही आहे. प्रमाण कमी-अधिक, पण मिश्रणाशिवाय कोणी नाही. त्यानंतर मात्र दारे एकामागून एक बंद होत गेली.

एकोणीसशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कोण होते? सातवाहन. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरविली आहे. शक, यवन, पहलव यांचा त्याने नाश केला हे तर तिने सांगितलेच. पण त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, हेही तिने त्याच्या पराक्रमांत मोजले आहे. लेणे पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजण त्या ओळींपाशी थांबतात, कोण जाणे! जी गोष्ट घडतच नाही ती थांबविल्याबद्दल कोणाची स्तुती होत नाही. संकर होत होता, राजमातेच्या डोळ्यांत खुपण्याइतका होत होता, हे त्या स्तुतीवरूनच सिद्ध होते.

याहून मौज पुढेच आहे. कान्हेरीच्या एका लेखात त्याच राजकुळातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ही राणी कार्दमक घराण्यातील, म्हणजे शक महाक्षत्रपाची कन्या. तिकडे गिरनारच्या शिळेवर इसवी सन १५० च्या सुमारास शक राजा रुद्रदामा सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा जिंकले, पण नाते जवळचे म्हणून समूळ उपटले नाही. हे नाते म्हणजे सासरा-जावयाचे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. संकर थांबविल्याचा डंका एका लेण्यात आणि त्याच घरात शकाची लेक सून म्हणून दुसऱ्या लेण्यात! राजवाड्यातील एका विवाहावरून साऱ्या प्रजेचे अनुमान करू नये, हे मला कळते. तरीही जनुकशास्त्र जो काळ दाखविते त्याच काळी आपल्या लेण्यांत या प्रश्नाची कुजबुज ऐकू यावी, हा योग विलक्षण खरा.

दारे बंद झाल्यावर रक्त स्थिर झाले काय? नाही. मुगा-मटकीची टोपली आठवावी. अंतर्विवाहाने समाजाची टोपली लहान केली आणि योगायोगाची सत्ता वाढविली. याच शास्त्रज्ञमंडळींनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गट फार थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढलेले निघाले; फिनलंडचे लोक व पूर्व युरोपातील यहुदी या बाबतीत जगात प्रसिद्ध आहेत, त्यांच्याहूनही हे अधिक. यांतील १४ गट तर दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे आहेत. तेव्हा ‘आपली ज्ञाती मोठी आहे, आपल्याला याचे भय नाही’ असे म्हणता येत नाही. आज माणसे किती आहेत याला येथे महत्त्व नाही. ती मुळात किती जणांपासून वाढली याला आहे.

आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण या निबंधात दिले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या एका औषधाचा परिणाम सामान्यतः काही मिनिटांत ओसरतो. या समाजातील काही व्यक्तींत ते औषध पचविणारा घटकच रक्तात कमी असतो. त्यांचे स्नायू, श्वासाचे स्नायूसुद्धा, तासन्‌तास शिथिल राहू शकतात. ही उणीव त्यांच्यात इतरांच्या सुमारे शंभरपट आढळते. यात त्या सुसंस्कृत व उद्यमी समाजाचा दोष कोणता? कोण्या एका दूरच्या पूर्वजाजवळ तो जनुक होता आणि त्याची संतती वाढली, इतकेच.

आपल्या मुंबईचेही नाव या शास्त्रात अजरामर झाले आहे. डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक नवाच रक्तगट शोधून काढला, तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसतो. परंतु अशा मनुष्यास ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतते. त्याला त्याच गटाचे रक्त लागते. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक असे याचे प्रमाण आहे, तर युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे. दोन्ही बाजूंनी तोच झाकलेला जनुक आल्याशिवाय हा गट प्रकट होत नाही. म्हणूनच नात्यात लग्न झालेल्या आई-बापांच्या मुलांत तो अधिक दिसतो.

येथे कोणी म्हणेल, आपण सगोत्र विवाह टाळतो, मग भय कसले? सगोत्र वर्ज्य करण्यात पूर्वजांची काही दृष्टी होती हे मी मान्य करतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेही बापाकडून पाच व आईकडून तीन पिढ्यांचे सपिंड संबंध निषिद्ध मानले आहेत. रूढी असेल तेथे मात्र सूट आहे. परंतु गोत्र बापाचा एकच धागा पाहते. मामाची मुलगी भिन्न गोत्राची असते म्हणून चालते. मात्र मामेभावंडांच्या जनुकांत आठवा हिस्सा समान असतो. आणि लहान ज्ञातीत मामा-आत्या सोडल्या, तरी दहा पिढ्यांमागे तेच १,०२४ पूर्वज दोन्ही घरांच्या वृक्षांत शेकडो ठिकाणी येऊन बसलेले असतात. गोत्रे सात असोत की सत्तर.

हा विषय मी निवडला तो केवळ लेण्यांच्या कौतुकाने नव्हे. आपल्याच ज्ञातीतील एका सुशिक्षित घरी थॅलेसेमियाचा मुलगा आहे. आई-बाप दोघेही निरोगी, दोघेही वाहक. विवाहापूर्वी पत्रिका जुळली होती, गुणही भरपूर होते. मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यातून साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध. हे मला त्या मुलाच्या आजोबांनी सांगितले, तेही दार लोटून घेऊन. कारण धाकट्या नातीचे लग्न व्हावयाचे आहे, आणि बातमी फुटली तर स्थळे परततील अशी त्यांना धास्ती. मला वाईट वाटले ते या दार लोटण्याचे. असा एखाददुसरा झाकलेला जनुक बाळगत नाही असा मनुष्यच नाही; ज्याची स्थळे परततील तो आणि जो परतवील तो, दोघांजवळही काही ना काही असतेच. आणि दोघे वाहक असले तरी प्रत्येक अपत्यास विकाराचा संभव चारांत एक असतो. एक जण वाहक व दुसरा नसेल, तर तो विकार अपत्यास होत नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. वधू-वरांचा रक्तगट एक निघाला की ‘एकनाडी’ म्हणून पुष्कळ घरी बोलणी मोडतात. याला शास्त्रात काहीही आधार नाही. रक्तगट एक असल्याने संततीस अपाय होत नाही. जी तपासणी करावयास हवी ती निराळीच. साध्या रक्ततपासणीबरोबर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात. त्यांतील ए-२ हा प्रकार शंभरात साडेतीनपेक्षा अधिक आला की थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संभव धरतात. सिकलसेलचा वाहकही त्याच तपासणीत ओळखता येतो. सिकलसेलसाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून देशव्यापी मोहीम सुरू केली आहे.

सायप्रस बेटावर सातांत एक मनुष्य थॅलेसेमियाचा वाहक आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात तपासणी सुरू झाली आणि १९८३ पासून तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. काही वर्षांतच विकारग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. त्या दाखल्याचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. त्यावर वाहक आहे की नाही हे लिहीत नाहीत. तपासणी झाली व सल्ला मिळाला, एवढेच लिहितात. निकाल त्या दोघांपुरता राहतो, आणि त्यानंतर विवाह करावा की नाही हेही तेच दोघे ठरवितात. आपल्या वधू-वर सूचक केंद्राच्या छापील अर्जात जन्मवेळ, रास, नाडी, गण, गोत्र, देवक असे रकाने आहेत. त्यांच्याखाली ‘हिमोग्लोबिनची तपासणी झाली आहे काय : होय/नाही’ एवढा एक रकाना येत्या वर्षी घालावा, निकाल मात्र विचारू नये, अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे लेखी पाठविली आहे.